म्हातारीच्या दातावर शेवंती

तळेगाव ढमढेरेच्या मळ्यात उभं राहून चहूकडं पाहिलं, तर नजर कुठं अडायचं नाव घेत नाही. ऊस, मग शेवंती, मग पुन्हा ऊस, आणि मध्येच एखादा मोबाइलचा टॉवर. असल्या ताटासारख्या सपाट मुलखात साठ वर्षं काढलेल्या सिंधूबाईंनी सुळका चढायची पैज मारली, आणि तीही एका नावापायी.

झालं होतं असं. सिंधूबाईंचा मुलगा पप्पू रांजणगावला कंपनीत. त्याची बायको सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचं माहेर खडकवाडी, जुन्नरच्याही वर, घाटमाथ्याला चिकटलेलं. तिथं कोंबडीसुद्धा चालताना एक पाय आखडून चालते म्हणतात, कारण सपाट जमीन तिनं कधी बघितलेलीच नाही. घराच्या मागंच एक सुळका ढगात घुसलेला. त्याचं नाव म्हातारीचा दात. एकच दात, पण असा की आभाळाला चावा घ्यावा.

मुलगी झाली. सिंधूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन, नवऱ्याला म्हणजे बाळासोंना आणि लेक करिश्माला घेऊन नात बघायला गेल्या. नात बघून झाली, चहा झाला, आणि नावाचा विषय निघाला.

"शेवंती ठिवायचं," सिंधूबाई म्हणाल्या. "आमचं घर शेवंतीनं उभं केलंय. पप्पूचं शिक्षान, करिश्माचं लगीन, समदं तिनंच केलं."

"फुलाचं नाव?" सारिकाची आई नकुशाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "सुकलं की उकिरड्यावर. ते काय न्हाई. ऋतिका ठिवायचं. शाळंत बाईनं हाक मारली की अख्ख्या वर्गानं मान वळवून बघितलं पायजे."

करिश्मा बाळाची आत्या. पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचा मान तिचा. ती म्हणाली, "मला काय, सांगाल ते सांगीन. फकस्त दोन कानांत दोन नावं सांगाया लावू नका."

"विहीणबाई," नकुशाबाई सुपातला खडा अंगणात भिरकावत म्हणाल्या, "नात डोंगरात जन्मलीय. नाव डोंगरातली मानसं ठिवणार. तुमच्याकडं उंच असं हायेच काय? उसाची ट्रॉली! तीबी वळणावर उलटती."

"आमची जमीन सपाट हाय, डोकं न्हाई!"

"आमची शेरडी तुमच्या गावाला आणली ना, तर चढाया काय घावंना म्हनून तुमच्याच पाठीवर चढतील."

हे मात्र सिंधूबाईंना लागलं. खरंच होतं म्हणून जास्त लागलं. आजवर त्या जे उंचात उंच चढल्या होत्या, ती ट्रॉलीच होती, आणि तीही अर्धीच भरलेली. त्यांनी पदर खोचला, बोट उचललं आणि थेट म्हातारीच्या दातावर रोखलं.

"बारशाच्या आधी त्या दातावर शेवंतीचं फूल ठिवून येते. ठिवलं तर नाव शेवंती."

"आन् न्हाई ठिवलं तर ऋतिका!"

"व्हय!"

"झालं!"

बाळासोंची चहाची बशी ओठाजवळ थांबली ती थांबलीच. त्यातला चहा गार झाला, वर साय धरली, तेव्हा कुठं ते म्हणाले, "अगं, माळ्यावरचं पातेलं काढाया तू पप्पूला हाक मारतीस."

बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं.

घरी आल्यावर पप्पूनं डोक्याला हात लावला आणि सोहेबला फोन केला. सोहेब म्हणजे बाळासोंचे जुने दोस्त, शिरूरचे मेहमूदमामा, त्यांचा मुलगा, कंपनीत पप्पूच्याच लाइनवरचा. कंपनीची सुट्टी असली की लोक झोपतात, हा गडी दोर खांद्यावर टाकून कुठल्यातरी कड्याला लटकायला जायचा. तो आला, त्यानं ऐकलं, आणि पहिल्यांदा पोट धरून हसला. मग सिंधूबाईंचं तोंड बघून गप्प झाला.

"मावशी, चढवतो. पन माझ्या नियमानं. नियम मोडला की मी दोर गुंडाळून शिरूरला."

"मोडते कशाला? बोल की."

"पयला नियम. हेल्मेटबिगर पाय उचलायचा न्हाई. दुसरा, दोर बांधल्याबिगर कडेला जायचं न्हाई, अगदी बघायलासुदिक. तिसरा, गाठ आपुन बांधायची आन् दुसऱ्यानं तपासायची."

"आन् चौथा?"

"चौथा, तुमचा कासरा न्हाई वापरायचा. बैल बांधायचा दोर बैलालाच ठिवा."

सिंधूबाईंनी पाठीमागं धरलेला कासरा हळूच खाली टाकला.

सराव करायचा कुठं, हा पेच पडला. सोहेबनं मोटारसायकल काढली आणि तळेगावापासून कोरेगाव भीमापर्यंत नि तिथून भीमेच्या काठानं पार दौंडपर्यंत कडा शोधला. सापडली एका गोडाऊनची भिंत. तिच्यावर पहिला हात टाकला तोच वॉचमन दंडुका घेऊन धावला. सोहेब हात हलवत परत आला.

सिंधूबाई शेवंती तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर जायाला जागा न्हाई ना? मग खाली जाऊ. चढ तो चढच."

मळ्याच्या कोपऱ्यात त्यांची जुनी दगडी विहीर होती. बोअर घेतल्यापासून कोरडीठाक, आत नुसते पारवे. उलटा कडाच तो, जमिनीत खोचलेला.

सोहेबनं आधी पेटता कंदील दोरीनं पार तळापर्यंत सोडला. खालची हवा बरी आहे का, ते बघायला. कंदील जळत राहिला. मग त्यानं हातोडीनं ठोकून सैल दगड काढले, कडेला दोर घासू नये म्हणून पोतं अंथरलं आणि दोर दोन ठिकाणी बांधला, एक चिंचेच्या खोडाला नि एक ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरवर बाळासोंना बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

"मी काय चालू करनार हाय व्हय?" बाळासो फुगले.

"काका, तुमच्यावर इश्वास हाय. ट्रॅक्टरवर न्हाई."

मग सिंधूबाईंना साज चढवायचा कार्यक्रम. हार्नेस म्हणजे कंबर नि मांड्यांभोवतीचा पट्टा. नव्या माणसाला त्यात पाय कुठं घालायचा हे कळायला वेळ लागतो. पण सिंधूबाईंच्या नऊवारीच्या काष्ट्यावर तो असा काही बसला, जणू शिंप्यानं माप घेऊन शिवला होता. हेल्मेट मात्र अंबाड्यावर बसेना. टोपीसारखं वर तरंगत राहिलं. खाली चुंबळ घालू का म्हणून त्यांनी विचारून पाहिलं, सोहेबनं नुसतं दोराकडं बघितलं. शेवटी अंबाडा सोडला आणि दोन वेण्या घातल्या. बाळासोंनी बायकोला दोन वेण्यांत पाहिलं आणि त्या दिवशी जनावरांना पाणी दाखवायचं विसरले.

हाताला घाम येऊ नये म्हणून खडूच्या भुकटीची थैली कमरेला बांधली. दुसऱ्या बाजूला मिश्रीची थैली होतीच. पहिल्याच दिवशी अदलाबदल झाली. त्या विहिरीतून वर आल्या तेव्हा हात काळे होते आणि दात पांढरेशुभ्र. गावात कुणी कधी इतके पांढरे दात पाहिले नव्हते.

आता त्या विहिरीविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिनंच केला. ती विहीर बोलायची. आवाज घुमतो तसलं नव्हे, साक्षात बोलायची. बाळासोंच्या आज्यानं एकदा तिच्या काठावर शिंक दिली होती, ती दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत आत फिरत होती. शेजारची एक शेळी चरत तिथं आली आणि बें म्हणाली. आतून बें आलं. शेळीनं पुन्हा उत्तर दिलं. शेवटी तिला ओढून न्यावी लागली, घसा बसला होता बिचारीचा, आठवडाभर तिनं दूधही मुक्यानंच दिलं.

सिंधूबाई तळाशी उभ्या राहायच्या, वरून सोहेबनं दोर ताणला की भिंतीला हात घालायच्या आणि ओरडायच्या, "शेवंतीऽऽ!"

विहीर म्हणायची, "वंती… ती…"

की पाय वर. पुन्हा "शेवंतीऽऽ!" पुन्हा "वंती… ती…" पुन्हा पाय वर. विहिरीनं होकार दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, अशी त्यांना खोडच लागली. महिनाभरात त्या घोरपडीसारख्या सरसर वर यायला लागल्या आणि पारव्यांनी कंटाळून शेजारच्या विहिरीत बिऱ्हाड हलवलं.

बघायला गर्दी व्हायची. रांजणगावची कंपनीची बस रस्त्याला थांबून हॉर्न मारायची. आठवडे बाजारात मेथीच्या जुडीबरोबर बातमी फुकट मिळायची, आणि बातमी ती बातमीच, जाईल तिथं अंग धरणार. कोरेगाव भीमाला पोचेपर्यंत सिंधूबाई विहिरीत पडल्या होत्या. शिरूरला पोचली तेव्हा त्यांना काढायला हेलिकॉप्टर आलं होतं. दौंड स्टेशनात तर त्यांचा एक लांबचा मावसभाऊ टॉवेल डोक्याला गुंडाळून गाडीची वाट बघत बसला होता. त्याचा फोन सिंधूबाईंनी स्वतःच उचलला म्हणून बरं, नाहीतर मयताला हार घेऊनच यायचा.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळीच जीप खडकवाडीला लागली. नकुशाबाई पलीकडच्या सोंडेवर, सुळक्याच्या बरोबर समोर, गोधडी अंथरून बसल्या होत्या. शेजारी भुईमुगाच्या शेंगांची टोपली. बाळासोही व्याही म्हणून तिथंच टेकले. मध्ये दरी.

सोहेब त्याच्या गिर्यारोहण क्लबातल्या जोडीदाराच्या आधारानं आधी वर गेला. माथ्यावर त्यानं खिळे, पट्ट्या, सगळं ठाकठीक केलं आणि दोर सोडला. पायथ्याशी त्या जोडीदारानं सिंधूबाईंची गाठ दोनदा तपासली आणि बजावलं,

"मावशी, दोर कवाबी ढिला पडणार न्हाई. घसरलात तरी वीतभरच. उतरायचं वाटलं तर दोर हिसडायचा."

"आन् वर ओढायचं न्हाई," समोरून नकुशाबाई गरजल्या. "ओढलं तर पैज बाद!"

"ओढतंय कोन! सपाटीची मानसं स्वताच्या पायानं चालत्यात!" सिंधूबाईंनी मिश्री लावली, थुंकल्या आणि हात घातला.

सुळक्याचा खालचा निम्मा भाग म्हणजे नुसती फट. तिन्ही बाजूंना कातळ. अगदी घरच्या विहिरीसारखं. "शेवंतीऽऽ!" "वंती… ती…" "शेवंतीऽऽ!" "ती…" त्या अशा चढल्या की खालचा जोडीदार टाळ्या वाजवायला लागला आणि समोर नकुशाबाईंच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

मग फट संपली.

सिंधूबाई उघड्या कातळावर आल्या आणि पहिल्यांदाच त्यांची पाठ मोकळी पडली. विहिरीत पाठीमागं भिंत असते. इथं पाठीमागं कोकण होतं. वारा काष्ट्यात शिरून फडफडायला लागला. त्यांनी कातळाला गाल लावला आणि हाक घातली.

"शेवंतीऽऽ!"

काही नाही. वाऱ्यानं हाक उचलली आणि कोकणात नेऊन टाकली.

"शेवंतीऽऽ!"

कुणी होकार देईना. पाय जागचा हलेना. वरून सोहेब काहीतरी ओरडत होता, तेही वारा खात होता. नातीचं नाव डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं. त्यांनी दोराकडं हात नेला. हिसडावा आणि उतरावं.

"शेवंतीऽऽ!" शेवटची म्हणून त्या ओरडल्या.

आणि पाठीमागून, दरीच्या पलीकडून, खणखणीत उत्तर आलं.

"ऋतिकाऽऽ!"

सिंधूबाईंचा पाय आपोआप वर गेला.

त्या चकितच झाल्या. पुन्हा ओरडून बघितलं. "शेवंतीऽऽ!"

"न्हाई! ऋतिकाऽऽ!"

दुसरा पाय वर. उत्तर आलं ना, मग कुणाचं का असेना! सिंधूबाईंना हसू फुटलं. त्या "शेवंती" म्हणायच्या, नकुशाबाई "ऋतिका" म्हणायच्या, आणि त्या प्रत्येक ऋतिकावर पाय ठेवून सिंधूबाई वर सरकायच्या. नकुशाबाई जितक्या चिडाव्या तितक्या त्या भराभर चढाव्या. "उतरा खाली! तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई!" दोन पावलं. "कंबर मोडंल म्हातारपनी!" तीन पावलं.

इकडं बाळासोंना आनंद आवरेना. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि विहिणीला म्हणाले, "बोला विहीणबाई, बोला! थांबू नगा! तुमच्या आवाजावर ती चढतीय!"

झालं. नकुशाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी सुळक्याकडं बघितलं, बाळासोंकडं बघितलं, आणि पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

"शेवंतीऽऽ!"

शांतता.

"अवं विहीणबाई! शेवंतीऽऽ!"

नुसता वारा. बाळासोंनी स्वतःच "ऋतिका, ऋतिका" करून पाहिलं, पण त्यांचा आवाज अर्ध्या दरीतच बसला. वर माथा चार हातांवर. सोहेबचे बूटसुद्धा दिसत होते. आणि सिंधूबाई पालीसारख्या चिकटलेल्या.

त्यांनी डोळे मिटले, विचार केला आणि सुस्कारा सोडला. मग मान न वळवता बोलायला लागल्या.

"विहीणबाई, तुमची आमटी!"

नकुशाबाईंच्या भुवया हलल्या.

"लग्नात वाढलीवती ती! आमच्या बैलानं वास घिऊन त्वांड फिरवलंवतं!"

नकुशाबाईंचा चेहरा लाल झाला. बोळा आणखी आत गेला.

"आन् तुमच्या भाकरी! पप्पूनं एक आणली व्हती घरी. आजून हाय! दाराला टेकू लावतो तिचा!"

नकुशाबाईंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी टोपली आवळली. बाळासो जरा बाजूला सरकून बसले.

"आन् लाडू!" सिंधूबाईंनी ठेवणीतला काढला. "सारिका मला गुपचूप म्हनाली, आत्या, लाडू तुमचेच द्या. आईच्या लाडवानं दात हलतो!"

बोळा तोंडातून असा सुटला की पदर पार दरीवर जाऊन फडफडला.

"कोन म्हनतंयऽऽ?" डोंगर दणाणला. "सारेऽऽ! तू म्हनलीस? माझ्या लाडवाला? अवं, त्या लाडवासाठी सात गावच्या बाळंतिणी रांग लावत्यात! तुमच्या लाडवात डिंक कमी आन् गूळच ज्यास्त! आमटी म्हनं! तुमच्या सपाटीवर आमटीबी सपाट! मिठाला चढ न्हाई, तिखटाला उतार न्हाई…"

त्या ज्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. आणि सिंधूबाईंचे पाय निघाले. लाडवावर एक पाऊल, डिंकावर एक, गुळावर एक. मिठाला हात माथ्याच्या कडेला लागला. तिखटाला कोपर वर आलं. "उतार न्हाई" म्हणेपर्यंत सिंधूबाई म्हातारीच्या दातावर पालथ्या पडून खदाखदा हसत होत्या.

"आधी क्लिप लावा, मग हसा!" सोहेबनं त्यांना खिळ्याशी अडकवलं आणि मग तोही शेजारी बसून हसायला लागला.

फूल थैलीत होतं. सिंधूबाईंनी थैली उघडली, तर ती मिश्रीची निघाली. पिवळीधमक शेवंती निम्मी काळी झाली होती. त्यांनी ती तशीच कातळाच्या खोबणीत रोवली आणि म्हणाल्या, "असू दे. म्हातारीचा दात हाय, मिश्री लागायचीच."

मग क्लिप चाचपून त्या उभ्या राहिल्या. चहूकडं बघितलं. नजर कुठं अडत नव्हती. अगदी तळेगावासारखं. त्यांनी तोंडाला हात लावले.

"शेवंतीऽऽ!"

समोर नकुशाबाई दमून गप्प झाल्या होत्या. त्यांनी त्या इवल्याशा दोन वेण्यांकडं बराच वेळ बघितलं. शेंगांची टोपली बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सगळा श्वास छातीत घेऊन ओरडल्या,

"शेवंतीऽऽ!"

ती हाक म्हातारीच्या दातावर आदळली, खालच्या फटीत शिरली, आणि सगळी दरी म्हणायला लागली, "वंती… वंती… ती…"

दुसऱ्या दिवशी करिश्मानं पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, तर पोरगी दचकलीसुद्धा नाही. तिनं ते आदल्या दिवशीच ऐकलं होतं. जेवणात आमटी होती. सिंधूबाईंनी तीनदा मागून घेतली आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढं नकुशाबाई लेकीला आणि शेवंतीला पोचवायला तळेगावला आल्या. चहाच्या आधीच म्हणाल्या, "कुठं शिकलात ते दावा." कडेला जायचं म्हणून सोहेबनं त्यांना हेल्मेट नि हार्नेस घातला, चिंचेला दोर बांधला, गाठ पप्पूकडून तपासून घेतली. आयुष्यभर कड्यांच्या टोकाला शेण्या थापलेल्या त्या बाई कुरकुरत काठावर गेल्या आणि आत डोकावल्या.

"ह्या खड्ड्यात व्हय?"

"…यात व्हय?" विहिरीनं विचारलं.

नकुशाबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मी इचारतीय!"

"…चारतीय!"

"गप ग!"

"…प ग!"

सिंधूबाई चहा घेऊन आल्या, तो गार झाला. दुसरा केला, तोही झाला. ऊन चिंचेच्या पार पलीकडं गेलं, शेजारच्या विहिरीतले पारवे ऐकायला काठावर येऊन बसले. शेवटी सिंधूबाईंनी नातीला कडेवर घेतलं आणि हाक मारली, "विहीणबाई, चला की आता जेवाया! आमटी केलीय!"

नकुशाबाईंनी मागं न बघता हात हलवला. "व्हा तुमी म्होरं. हिनं आत्ता जे म्हनलं ना, त्याचं उत्तर दिऊन येते."